आईची कॉफी आणि नेमका प्रश्न

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी पुन्हा तेच. दाट करून दिलेल्या कॉफीचा आईने एक घोट घेतला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसकली आणि उरलेली मोरीत ओतली. म्हणाली, "ही कॉफी नव्हे रे माधवा. सिनेमाचे कागद भिंतीला चिकटवायची खळ आहे. वरून सोडली की गोळाच पडतो घशात."

सुगुणेने, माझ्या पत्नीने, दाट करण्याची पूड मोजूनच घातली होती. चूक तिची नाही.

उन्हाळ्यात पक्षाघात झाला, त्यातून आई सावरली. डावा हात अजून जड आहे, उजवा उत्तम चालतो, जीभ तर त्याहून उत्तम. परंतु पाणी, कॉफी, ताक, पातळ काहीही घेतले की ठसका लागतो. गेल्या महिन्यात त्यातूनच छातीत संसर्ग झाला आणि रुग्णालयात राहावे लागले. घरी पाठवताना सांगितले की सर्व पातळ पदार्थ ही पूड घालून दाट करून द्यावेत. तेव्हापासून आई पिणेच टाळते. ओठ सुकलेले, लघवी कमी, दुपारभर ग्लानी.

डॉक्टरांचे शब्द तिच्या समोरच उच्चारले गेले: "पुन्हा छाती भरली, तर नाकातून नळी घालून द्रव द्यावे लागेल." परतताना ऑटो राजवाड्याच्या बुरुजाशी वळली तेव्हा तिने पदर सारखा केला.

२८ तारखेला पुन्हा दाखवायचे आहे. त्यापूर्वी मला समजून घ्यायचे आहे की आपण जे करीत आहोत त्याला आधार काय. 'सांगितले म्हणून' हे उत्तर मी गोदामात कोणाकडून ऐकून घेत नाही. घरात तरी का घ्यावे?

६ ऑगस्ट, बुधवार

कचेरीतून डॉक्टरांना फोन केला. विचारले, "दाट करून देण्याचा उपयोग होतो काय?" म्हणाले, "सगळीकडे तसेच देतात, सर." सज्जन मनुष्य. परंतु मी 'कोठे देतात' हे विचारले नव्हते.

संध्याकाळी पापनाशमला वसूला फोन लावला. वसू म्हणजे अक्काची मुलगी, नर्सिंगच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली,

"मामा, ह्या क्वेश्चनला आन्सर मिळणारच नाही. फार वाईड आहे."

"वाईड म्हणजे?"

"उपयोग कोणाला? कशाच्या तुलनेत? आणि उपयोग म्हणजे नेमकं काय व्हायला हवं?"

प्रथम राग आला. पाळण्यात असताना मी हिला खेळवले आहे. मग हसू आले. खताच्या गोदामात साठा तपासताना नव्या मुलांना मी हेच सांगत आलो: 'माल कमी आहे' ही तक्रारच नव्हे. कोणता माल, कोणत्या रांगेत, कशाशी ताडून कमी? ते सांगा, मग बोलू.

शनिवारी ये म्हटले. "सरि मामा, पण मामी कोळकट्टै करणार असतील तरच." कोळकट्टै म्हणजे आमचे मोदक; चतुर्थी अजून लांब आहे, हे तिला ठाऊक आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

वसू सकाळच्या बसने आली. आईपाशी बसली, तिची जीभ पाहिली, त्वचा चिमटीत धरून पाहिली. आई म्हणाली, "लेकीची लेक परीक्षा घेण्यास आली. पास करशील की नापास?" वसू म्हणाली, "पाणी पीत नाही म्हणून अर्धे मार्क कापले, आजी."

दुपारी जेवणाच्या मेजावर कागद मांडला. वसूला मराठी बोलता येते, पण तमिळ शाळेत शिकल्याने देवनागरी वाचता येत नाही. म्हणून तिने इंग्रजीत लिहिले, मी येथे उतरवतो. चार रकाने. पहिला, व्यक्ती कोण. दुसरा, काय करणार. तिसरा, त्याऐवजी दुसरे काय करता आले असते. चौथा, काय घडते ते पाहणार. शोध घेण्यापूर्वी हे चारही भरलेच पाहिजेत. एकही मोकळा राहिला तर शेकडो लेख सापडतात आणि हाती काही लागत नाही.

मी पहिल्या रकान्यात 'वृद्ध' लिहिले. तिने खोडले. 'पक्षाघाताचे वृद्ध रुग्ण' लिहिले. तेही खोडले. "गिळायला त्रास असलेले? की नसलेले? बिछान्यावर पडलेले, की आजीसारखे उठून बसणारे?"

तिसऱ्या रकान्यावर वाद. माझे म्हणणे की तेथे काहीच लिहू नये, आपण दाट पेयाबद्दल विचारत आहोत. वसू म्हणाली, "मामा, तुलना नसेल तर बरं-वाईट कशावरून म्हणाल?" मान्य करणे भाग पडले. मान्य केले.

ती चौथा रकाना भरू लागली तेव्हा आई आतून म्हणाली, "त्यात माझी कॉफी लिहा." आम्ही दोघे हसलो. लिहिली नाही.

१० ऑगस्ट, रविवार

वसू दुपारी परत गेली. निघण्यापूर्वी प्रश्न पक्का झाला. माझ्या मते निर्दोष:

ऐंशी ओलांडलेल्या, पक्षाघातानंतर पातळ पदार्थाने ठसका लागणाऱ्या, बसून स्वतःच्या हाताने पिणाऱ्या व्यक्तीस दाट केलेली पेये दिल्याने, पातळ पेये तशीच दिल्याच्या तुलनेत, छातीचा संसर्ग कमी होतो काय?

सुगुणेस वाचून दाखवला. ती सांबारासाठी चिंच कोळत होती. ऐकून म्हणाली, "अहो, संसर्ग कमी होईलही. पण आई प्यायल्याच नाहीत तर?"

वाक्याच्या शेवटी जोडले: '...आणि दिवसभरात एकूण किती पिणे होते?'

आता निर्दोष.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वसूचा फोन. कॉलेजच्या ग्रंथालयातून तिने बरेच लेख वाचून काढले. सार असे: संसर्ग कमी होतो, हे ठामपणे सांगण्याजोगा पुरावा तिला सापडला नाही. दाट पेय लोकांना आवडत नाही आणि ते कमी पितात, असे मात्र पुष्कळ ठिकाणी आढळले.

मी लगेच म्हणालो, "म्हणजे पूड बंद."

"नाही मामा! 'ठाऊक नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. आजीला ठसका लागतो, हे तर आपण डोळ्यांनी बघतो."

बरोबर आहे. असे अनुमान मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकले असते तर त्याला उभे राहू दिले नसते.

तथापि आज मन खचले. इतका चोख प्रश्न, आणि उत्तर 'ठाऊक नाही'. आईने दिवसभरात वाटीभर ताक घेतले. तेही खळीसारखे करून.

१७ ऑगस्ट, रविवार

अक्काचा फोन, आवाज चढलेला. "माधू, साधी कॉफी दे तिला. ह्या वयात काय वाचवून ठेवायचं? तोंडाची चव तरी राहू दे."

"आणि नळी घालावी लागली तर तू येऊन बसशील?"

"मी येईन. तू कागद लिहीत बस."

फोन ठेवला. माझ्या हातून ठेवला गेला की तिच्या, आठवत नाही.

जेवताना सुगुणा म्हणाली, "एक विचारू? रुग्णालयात त्या बाईंनी पाणी पाजून तपासलं, तेव्हा आईंना ठसका कुठे लागला?"

मी तेथे उभा होतो. गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाईंनी चमच्याने साधे पाणी दिले होते. एकदा, दोनदा, अनेकदा. ठसका लागला नाही. घरी लागतो असे आम्ही सांगितले, म्हणून खबरदारी म्हणून दाट करण्यास सांगितले.

तेच पाणी. तीच आई. तेथे नाही, येथे लागतो. साठ्याच्या तपासणीत असा फरक आला तर मी माल पुन्हा मोजत नाही; मोजण्याची रीत पाहतो.

उद्या पाहणार.

१८ ऑगस्ट, सोमवार

पाहिले.

सकाळी आईच्या समोर खुर्ची ओढून बसलो. "काय रे, पहारा?" म्हणाली. गोळीसाठी पाणी हवे होते, सुगुणेने पूड घालून दिले. आईने टंब्लर उचलला. ओठांपासून वीतभर उंच धरला. मान मागे टाकली. तोंड उघडून वरून सोडले.

ठसका.

पन्नास वर्षे हे पाहतो आहे. मी स्वतः असाच पितो. सुगुणा अशीच पिते. आप्पा असेच पीत, आमच्या घरात भांड्याला ओठ लावणे म्हणजे भांडे उष्टे करणे. कचेरीत बाटलीसुद्धा मी वर धरूनच पितो, आणि नवी मुले माझी नक्कल करतात हेही मला माहीत आहे. 'पिणे' या क्रियेची दुसरी रीत असू शकते, हे मनात आलेच नाही.

रुग्णालयाने सांगितले होते: ताठ बसवा, हनुवटी खाली ठेवा. भात भरवताना सुगुणा रोज म्हणते, "आई, हनुवटी." घासाला आम्ही नियम पाळला. टंब्लरला नाही. मान मागे टाकून वरून धार, म्हणजे सांगितले त्याच्या नेमके उलट. आणि तपासताना चमचा दुसऱ्याच्या हातात होता, मान सरळ होती.

आणि ती खळ! वरून सोडली तर ती गोळाच होणार. पहिल्या दिवसापासून आई तेच सांगत होती. शब्दशः.

चारही रकाने चोख भरले होते. 'बसून स्वतःच्या हाताने पिणाऱ्या' असेही लिहिले होते. कसे पिणाऱ्या, ते लिहिले नाही. मी नाही, वसूने नाही. तीही ह्याच रीतीत वाढली.

वसूला कळवले. म्हणाली, "अय्यो मामा. मी आत्ता इथे बाटली वर धरूनच पीत होते."

२१ ऑगस्ट, गुरुवार

रुग्णालयात जाऊन तपासणीच्या बाईंना प्रत्यक्ष भेटलो. पस्तिशीच्या असतील. मी जागच्या जागी अभिनय करून दाखवला; बाहेर रांगेत बसलेले लोक पाहत होते. पाहू देत. बाई म्हणाल्या, "सर, हे मी विचारायलाच हवं होतं. माझी पाटीसुद्धा अशीच पिते." पाटी म्हणजे आजी.

मग त्यांनी मला एक गोष्ट ठणकावली: घरी स्वतःच्या मनाने काही बदलायचे नाही. सोमवारी आईला घेऊन या, डॉक्टरही असतील, समोर तपासू.

वसूने नवा प्रश्न मांडला: अशाच व्यक्तीने भांड्यास ओठ लावून, हनुवटी खाली ठेवून, लहान घोट घेतल्यास, मान मागे टाकून वरून पिण्याच्या तुलनेत, ठसका कमी लागतो काय? हनुवटी खाली ठेवण्याविषयी वाचायला मिळते, म्हणाली. पण वरून पिण्याशी तुलना करणारे तिला अजून काहीही सापडलेले नाही. "आपल्या लोकांनी विचारल्याशिवाय कोण विचारणार, मामा?" प्रबंधाचा विषय बदलता येईल का, हे ती मार्गदर्शक मॅडमना विचारणार आहे.

आईला रात्रीच्या जेवणाआधी समजावले. शांतपणे ऐकून घेतले. नंतर:

"म्हणजे मी भांडं उष्टं करू?"

"औषध म्हणून, आई."

"तुझ्या आजीसमोर लग्न होऊन आले तेव्हा कोवळी पोर होते. तहानेनं एकदा लोट्याला ओठ लागला, तर तिनं तो लोटा पुन्हा राखेनं घासायला लावला. तेव्हापासून लागला नाही. आता मरताना लावू?"

"मरण्याचं कोण बोललं?"

"तूच. नळी म्हणालास ना."

२५ ऑगस्ट, सोमवार

रुग्णालय. आईला बाईंनी खुर्चीत ताठ बसवले, हनुवटी खाली, लहान पेला हाती दिला. आईने निमूटपणे ओठ लावून साध्या पाण्याचे लहान लहान घोट घेतले. एकदाही ठसकली नाही. बाईंनी मध्येच तिला नाव विचारले, गाव विचारले; आवाज ओला होत नाही ना, पाणी श्वासनलिकेत उतरले नाही ना, ते ऐकत होत्या. आईने नाव सांगितले, गाव सांगितले, वर आपणहून बाईंचे लग्न झाले काय हेही विचारले.

मी चकित. बाहेर आल्यावर विचारले, "येथे कशी तयार झालीस?"

"दवाखान्यात सोवळं कसलं? इथे सगळंच बाटलेलं. घरी जमायचं नाही."

डॉक्टर व बाई यांचे ठरले: पूड तूर्त बंद. फक्त ओठ लावून, हनुवटी खाली, लहान घोट, कोणीतरी समोर बसलेले. जेवणानंतर तोंड स्वच्छ धुणे. ताप, धाप वा खोकला वाढला तर तत्काळ आणणे. वरून पिणे पूर्ण बंद. "एका तपासणीवरून मी खात्री देत नाही," बाई म्हणाल्या. मला त्यांच्याविषयी आदर वाटला. खात्री देणारे पुष्कळ भेटतात.

घरी येऊन आईने पाण्याला हात लावला नाही. सुगुणेने चमच्याने पाजले, तेवढे घेतले. लहान मुलासारखे पाजून घेणे तिला ओठ लावण्याहून कमी लाजिरवाणे वाटते, हे पाहून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

अक्काला फोन केला. गेल्या खेपेचे कोणी काढले नाही. सर्व सांगितले. ती म्हणाली, "तिला वेगळा टंब्लर दे. फक्त तिचा. तो उष्टा झाला तरी तिच्यापुरता." सुगुणेचेही तेच मत होते, फक्त ती माझ्या तोंडून येण्याची वाट पाहत होती. माझ्या तोंडून आले नाही.

सुगुणेने फडताळातून लहान पितळी टंब्लर काढला, आतून कल्हई केलेला. चिंच लावून लख्ख केला. आईसमोर ठेवला. "हा तुमचाच. दुसरा कोणी हात लावणार नाही. धुवायचा तुम्ही, ठेवायचा तुम्ही."

आईने तो फिरवून पाहिला. खाली ठेवला. "उद्या चतुर्थी आहे. सणाच्या दिवशी घरात उष्ट्याचा घोळ नको."

दिवसभर चमचा.

मी हटणार नाही. परवा डॉक्टरांना दाखवायचे आहे. चमच्याने पोटात जाते ते पुरे पडत नाही, हे तिची जीभ पाहून मलाही कळते आता. परंतु जबरदस्तीही करणार नाही. नळी ही जबरदस्तीच आहे, आणि ती टाळण्यासाठीच तर हे सगळे चालले आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी

पूजा आटोपली. वसू पापनाशमहून आली, कोळकट्टै मोदकपात्रातून निघण्याआधीच हजर. सुगुणेने नवी कॉफी गाळली. वास ओसरीपर्यंत.

आई पाटावर नव्हे, खुर्चीत. समोर पितळी टंब्लर. सुगुणेने त्यात कोमट कॉफी अर्ध्यापर्यंत ओतली. आई पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तू आधी."

"मी काय?"

"तू ओठ लावून पी. माझ्यासमोर. घराचा नियम मोडायचा तर घराच्या कर्त्यानं मोडावा. म्हाताऱ्या बाईच्या माथी कां मारता?"

वसू तोंडावर पदर घेऊन हसू लागली. सुगुणेने माझा टंब्लर भरून पुढे केला. माझी कॉफी मात्र कढत, नेहमीची. वरून सोडताना ती हवेत निवते, हे मी विसरलो. ओठ लावला आणि पोळला. "अय्यो!" आपसूक निघाले.

आई हसली. मे महिन्यानंतर अशी हसलेली पाहिली नव्हती. "येत नाही रे तुला. फुंकर घाल, बावळटा."

फुंकर घातली. प्यालो. ओठाला भांड्याची कड लागते, ही जाणीव विचित्र आहे. कॉफीआधी धातूची चव येते. आई बारकाईने पाहत होती, जणू तपासनीस तीच.

मग तिने आपला टंब्लर उचलला. हात सवयीने वर जाऊ लागला, सुगुणा हलकेच म्हणाली, "आई, हनुवटी." हात खाली आला. हनुवटी खाली आली. ओठ लावला. लहान घोट. आम्ही तिघे श्वास धरून. दुसरा घोट. वसूने हळूच विचारले, "आजी, तुझं नाव काय?" आवाज स्वच्छ यावा म्हणून.

"विसरलीस? मार्क कापीन."

अर्धी कॉफी संपली. ठसका लागला नाही.

एवढे लिहून थांबलो. एका सकाळवरून काही ठरवणार नाही. उद्या डॉक्टर. ताप पाहायचा, श्वास ऐकायचा, दिवसभरात किती प्यायली ते पाहायचे. वसूच्या मॅडमनी प्रबंधाविषयी अजून होकार दिलेला नाही; 'हा प्रश्न फार घरगुती आहे' म्हणाल्या. वसू म्हणते, पुन्हा मांडणार. मीही म्हटले, मांड.

नव्या प्रश्नाच्या कागदावर चौथ्या रकान्यात 'ठसका'खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे, आईच्या कॉफीसाठी.

मोरीकडून भांडे घासल्याचा आवाज येतो आहे. आई एका हाताने आपला टंब्लर घासते आहे, कोणाला जवळ येऊ देत नाही. तेथूनच म्हणाली,

"सुगुणा, उद्याची जरा कडक कर ग."